सात महिन्यांच्या बाळाला पहिल्यांदा स्विमिंग पूलमध्ये नेताना (अनुभव हवेत!)

चिंगीची_आई
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते पण आता घरात रोज यावरून वाद व्हायला लागलेत म्हणून धागा काढतेय. लेक सात महिन्यांची होईल. आम्ही पुण्यात, बाणेरला. सोसायटीत उघड्यावरचा पूल आहे, एक मोठ्यांचा आणि शेजारी पोरांचा गुडघाभर पाण्याचा. मे महिना, उकाड्याने जीव नकोसा झालाय आणि नवऱ्याने डोक्यात घेतलंय की हिला पाण्यात न्यायचंच. पठ्ठ्याने दंडाचे फुगे, गळ्यात घालायची ती फुगवायची रिंग, इवलासा गॉगल सगळं कार्टमध्ये टाकून ठेवलंय.

दुसरीकडे सासूबाई म्हणतात टाळू भरली नाही अजून, कान वाहतील, सर्दी छातीत उतरेल. माझी आई फोनवरून त्यांना दुजोरा देतेय, एरवी दोघींचं मेथीच्या भाजीवरसुद्धा एकमत होत नाही. डॉक्टरांना विचारलं तर "न्या की, काय होतंय" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आता नेमकं कधी न्यायचं, किती वेळ, डायपरचं काय करायचं, पाणी गिळलं तर काय, कोणी नेलंय का इतक्या लहान बाळाला? "आमच्या वेळी" वाले प्रतिसादही चालतील, वाचायला मजा येते.

निनाद_ठाणे
पहिला! आधी ती गळ्यातली रिंग कार्टमधून काढा. मस्करी नाही करत. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं, वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२२ मध्ये या रिंगांबद्दल इशारा दिला होता, एक बाळ दगावलं होतं आणि एकाला हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. हवा गेली किंवा हनुवटी निसटली की संपलं, आणि बाळ काही ओरडत नाही, पाण्यात तोंड गेल्यावर आवाज निघतच नाही. दंडातले फुगे पण या वयाला नको, हात ओला झाला की सरकून बाहेर येतात. गॉगल नवऱ्याने स्वतःच्या फोटोसाठी ठेवावा.

सातारी_रांगडा
आमच्या वेळी (मागणी होती म्हणून लिहितोय) पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधायचा आणि काकाने विहिरीत ढकलून द्यायचं. दोन गटांगळ्या खाल्ल्या की माणूस आपोआप हातपाय मारतो. ज्यांच्याकडे डबा नव्हता ते सुकवलेला भोपळा बांधायचे, नाहीतर पांगाऱ्याच्या लाकडाचा ओंडका. थर्मामीटर नाही, स्विम डायपर नाही, सगळे पट्टीचे पोहणारे झालो. आजकालच्या आईबापांना प्रत्येक गोष्टीचा क्लास लागतो.

केतकी_रेडिंग
काका, डबा बांधून ढकललं तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होतात? आठ-नऊ तरी असालच ना. इथे बाळ धड बसत नाहीये अजून. आणि ज्यांना गटांगळ्यांनंतर हातपाय मारता आले नाहीत ते इथे प्रतिसाद द्यायला येणार नाहीत, त्यामुळे "सगळे पोहणारे झालो" हे जरा एकतर्फी मतदान आहे. हलके घ्या.

चिंगीची_आई, माझा मुलगा साडेचार महिन्यांचा असताना नेलं होतं. इथे इंग्लंडमध्ये एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) म्हणतं कुठल्याही वयात न्या, लस झाली असेल-नसेल तरी चालेल, फक्त सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पाणी ३२ डिग्रीच्या आसपास गरम हवं. नेहमीचा मोठा पूल असतो तो एवढ्या लहानांना गारच पडतो, म्हणून लहानांसाठी वेगळा कोमट पूल असतो तिथे नेतात. वयावरून वाद घालण्यापेक्षा पाण्यात हात घालून बघा. म्हणजे हातसुद्धा नको, थर्मामीटर टाका, बाळाच्या आंघोळीच्या पाण्याचा मिळतो ना बदकाच्या आकाराचा, तो.

माझ्यासाठी पाण्यापेक्षा चेंजिंग रूम कठीण होती. आधी आपण कपडे बदलून पूर्ण तयार व्हायचं, बाळाला सगळ्यात शेवटी उघडं करायचं. बाहेर येताना उलटं, आधी बाळ पुसून गुंडाळून टोपीसकट तयार, मग आपण कुडकुडत. घरून निघतानाच स्विमसूट आतून घालून निघायचं. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

बालदवाखाना
मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे कोणाच्या बाळाला न तपासता सल्ला देत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

सासूबाईंचे मुद्दे घेऊ. टाळू मऊ असते पण तिच्यावर मजबूत पडदा असतो, आंघोळीत रोज पाणी पडतंच की तिच्यावर. कान: बाहेरून गेलेलं पाणी पडद्याच्या पलीकडे जात नाही. लहान मुलांचे कान वाहतात ते बहुतेक वेळा सर्दीनंतर, नाकाच्या मागून कानात जाणाऱ्या नळीतून जंतू चढतात म्हणून. पण पडद्याला भोक असेल, कानात ट्यूब बसवलेली असेल किंवा आत्ताच कान वाहत असेल तर पूल बंद. सर्दीच्या बाबतीत आजींचं निम्मं खरं आहे. सर्दी व्हायरसने होते, पण बाळाला मोठ्यांसारखं नीट कुडकुडता येत नाही, वजनाच्या मानाने त्याची कातडी खूप, त्यामुळे पाण्यात अंगातली ऊब भराभर जाते. ओठ निळसर दिसले, कातडीवर जाळीसारखे डाग उठले, बाळ गप्प आणि मलूल झालं, की लगेच बाहेर. रडायची वाट बघू नका. पहिल्या दिवशी दहा मिनिटं खूप झाली, नंतर वाढवत वीस मिनिटं, अर्ध्या तासावर या वयात नको.

पाणी एखादा घोट गिळलं तर काही नाही. पण पुन्हा पुन्हा बुडवत राहिलं आणि बाळ दर वेळी पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं, झोपाळूपणा, उलट्या, झटके इथवर जाऊ शकतं. म्हणून "डुबकी ट्रेनिंग" या वयात मला पसंत नाही.

जुलाब होत असतील तर अजिबात न्यायचं नाही, बरं वाटल्यावरही थोडे दिवस थांबा. क्रिप्टोस्पोरिडियम म्हणून एक परजीवी आहे, तो नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातसुद्धा सात दिवसांहून जास्त जगतो.

चिंगीची_आई
डॉक्टर, खूप खूप धन्यवाद, कानाचा परिच्छेद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. "निम्मं खरं आहे" एवढंच त्यांनी ऐकलं.

पण व्हॉट्सॅपवर फिरतो ना तो व्हिडिओ, बाळ पाण्यात पडतं आणि आपोआप उताणं होऊन तरंगतं, नवरा तोच दाखवतोय सारखा. म्हणतो बाळं जन्मतःच पोहतात, आपणच विसरायला लावतो.

बालदवाखाना
जन्मतः पोहत नाहीत हो. तोंडावर पाणी आलं की श्वास क्षणभर रोखला जातो आणि पाण्यात पोटावर धरलं की हातपाय हलतात, या नवजात बाळाच्या प्रतिक्षिप्त क्रिया आहेत. हातपाय हलवण्याची साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास जाते, श्वासाचीही हळूहळू मंदावते. तुमची मुलगी तर त्या वयाच्या पुढेच आलीय. आणि या क्रिया असतानाही डोकं वर काढून श्वास घेणं बाळाला जमत नाही, म्हणजे उपयोग शून्य.

उताणं तरंगायचं शिकवणारे क्लास अमेरिकेत आहेत, त्यावर वादही खूप आहेत. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं म्हणणं असं की एक वर्षाच्या आत शिकवल्याने बुडण्याचा धोका कमी होतो याला पुरावा नाही. एक ते चार वर्षांत शिकवलं तर फायदा दिसतो. आता जे करताय ते पाण्याची ओळख आणि बापलेकीची मजा म्हणून करा, बाळ सुरक्षित झालं असं समजू नका.

खरी भीती मला पूलची वाटत नाही. पूलवर चार माणसं डोळे लावून बसलेली असतात. आपल्याकडे नळाला ठरावीक वेळी पाणी येतं म्हणून बाथरूममध्ये बादल्या, पिंप, टब भरून ठेवतात. रांगतं किंवा उभं राहायला लागलेलं मूल काठाला धरून वाकतं, डोकं अंगाच्या मानाने जड, तोल जातो आणि उलटं आत. बादली जड असली की ती कलंडतही नाही आणि मुलाला मागे येता येत नाही. आवाजही होत नाही, शेजारच्या खोलीत आई असते. तुमची दोन महिन्यांत रांगेल. बाथरूमच्या दाराला वरती कडी लावून घ्या आणि ती लावायची सवय घरात सगळ्यांना लावा, कामाच्या मावशींनासुद्धा.

निनाद_ठाणे
वरच्या शेवटच्या परिच्छेदाला +१०००. आजच कडी लावतो.

डच_वारकरी
आम्ही नेदरलँड्समध्ये. इथे दारासमोर कालवा असतो आणि बऱ्याच ठिकाणी कठडा पण नसतो, त्यामुळे पोहणं हा हौसेचा विषय नाही. साधारण तीन महिन्यांपासून बाळांना कोमट पूलमध्ये नेतात, गाणी म्हणत गोल गोल फिरतात, बास. खरं शिक्षण चार-पाच वर्षांपासून. मग ए, बी, सी अशा डिप्लोमा. मुलगी ए डिप्लोमाला अंगावर कपडे आणि पायात बूट घालून पोहली, कारण कालव्यात पडणारं पोर स्विमसूट घालून पडत नाही. पाण्याखाली एक पडदा सोडलेला असतो, त्याच्या भोकातून पलीकडे जायचं. मी काठावर उभा, माझाच श्वास अडकलेला.

धरायचं कसं ते सांगतो कारण कोणी सांगितलं नाही. काखेत दोन्ही हात, बाळाचं तोंड आपल्या तोंडासमोर, आणि आपणही गुडघे वाकवून पाण्यात गळ्यापर्यंत खाली व्हायचं. म्हणजे बाळाचे खांदे पाण्यात राहतात आणि गारवा लागत नाही. बरेच बाबा लोक स्वतः ताठ उभे राहून बाळाला वर-खाली वर-खाली करतात, ओल्या अंगाला वारा लागतो आणि बाळ गारठतं. बाळ पूर्ण वेळ तुमचं तोंड बघत असतं, तुमच्या कपाळावर आठी आली की त्याचा चेहरा वाकडा झालाच म्हणून समजा. हे आमच्या इथल्या बाईंनी मला तीनदा सांगितलं, बायकोला एकदाही नाही.

केतकी_रेडिंग
हो हो, इथेही बाबांनाच सांगतात.

डायपरचं राहिलं. नेहमीचा डायपर चुकूनही नको! तो पाणी शोषून उशीएवढा फुगतो, शिवण उसवते आणि आतली जेलची बारीक बारीक मणीदार साय पूलभर पसरते. बाजूच्या लेनमधल्या आजोबांच्या दाढीला लागलेली बघितली आहे मी. स्विम डायपर वेगळा, तो शू धरत नाही, शी तेवढी थोडा वेळ अडवतो. म्हणून इथे दोन घालायला लावतात, आत एक वापरून फेकायचा आणि वरून मांड्यांना, कंबरेला घट्ट बसणारा निओप्रिनचा (रबरासारखं ताणणारं कापड). भारतात दोन्ही ऑनलाइन मिळतात. आणि घरूनच घालून नेऊ नका, गाडीत सीट ओली होते, पूलवर पोचल्यावर घाला.

पूलकमिटी_सदस्य
मी आमच्या सोसायटीच्या पूलची जबाबदारी घेतलीय (घेतली म्हणजे मीटिंगला गैरहजर होतो). चार गोष्टी.

बेबी पूल बघून भुलू नका. पाणी कमी, पोरं जास्त, आणि त्यातली निम्मी आतच शू करतात. मोठ्या पूलमध्ये उथळ बाजूला पायरीवर बसून बाळाला धरणं जास्त स्वच्छ. पण मोठं पाणी गार असतं, सकाळी तर असतंच. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचला २९-३० भरतं, दिवसभर ऊन खाल्लेलं असतं ना. नोव्हेंबरनंतर आपल्या उघड्या पूलमध्ये बाळ नेऊच नये.

पूल बघणाऱ्या माणसाकडे दोन नळ्यांचं टेस्टिंग किट असतं. दोन्ही नळ्यांत पूलचं पाणी भरायचं, एकीत एका बाटलीचे थेंब, दुसरीत दुसऱ्या. क्लोरीनची नळी पिवळी होते, पीएचची लालसर, आणि बाजूला छापलेल्या रंगांशी जुळवायची. क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी-अल्कधर्मी ते) ७.२ ते ७.८ असेल तर जा. पिवळं आलंच नाही तर घरी जा, पाणी कितीही निळं दिसू दे, निळा रंग टाइल्सचा असतो. आणि ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, डोळे चुरचुरतात तो, तो घाम आणि शू यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन येतो. म्हणजे जास्त वास आला तर पाणी जास्त स्वच्छ असं नाही, उलटंच. रात्री पावडर टाकली असेल तर सकाळी पहिल्या बॅचला बाळ नेऊ नका.

उन्हाळ्यात टँकरवर पूल चालू ठेवायचा का यावर आमच्याकडे जे महाभारत होतं त्यावर वेगळा धागा काढेन.

आजी_ऑनलाइन
मुलींनो, एक सांगते. त्या दिवशी तेलमालिश करायची नाही! आपल्याकडे सकाळी बाळाला तेल चोळतात, मग आंघोळ, तरी अंगावर थोडं राहतंच. पाण्यात गेलं की बाळ असं निसटतं हातातून, साबणाच्या वडीसारखं. नातवाच्या वेळी मी सुनेला हेच सांगितलं, तेल पूलवरून आल्यावर. आल्यावर कोमट पाण्याने अंग धुवायचं, तो औषधाचा वास जाईपर्यंत, मग खोबरेल, मग पोटभर दूध आणि झोप. असं झोपतं की घरातल्यांनी दोनदा जाऊन श्वास चालू आहे का बघितलं.

आणि विहीणबाईंना नावं ठेवू नका गं. आमच्या पिढीत प्रत्येकीने कोणाचं तरी मूल पाण्यात गेलेलं ऐकलेलं असतं. त्या कान म्हणतात, मनात वेगळंच असतं.

चिंगीची_आई
आजी, शेवटचं वाक्य वाचून सासूबाईंशी बोलले. त्यांच्या माहेरी नदीकाठी घर होतं. एवढंच सांगितलं त्यांनी, मीही पुढे विचारलं नाही. पण त्यानंतर "मी पण येते पूलवर" म्हणाल्या.

सातारी_रांगडा
आजींचं बरोबर आहे. माझ्या नातीला मी विहिरीत ढकलणार नाही हेही इथे नमूद करतो. बादल्यांचं डॉक्टरांचं वाचून सुनेला फोन केला.

दूध पाजून किती वेळाने न्यायचं ते कोणी लिहिलं नाही.

बालदवाखाना
पाऊण ते एक तासाने. भुकेलं नको आणि नुकतं पाजलेलंही नको, पोटावर दाब आला की ओकारी आणि मग सगळा पूल रिकामा. झोपेची वेळ टाळा. ऊन सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी नको, पूर्ण बाह्यांचा स्विमसूट आणि टोपी असेल तर बरं. आणि ज्याच्या हातात बाळ आहे त्याच्या हातात फोन नको. फोटो काढणारा तिसरा माणूस ठेवा.

चिंगीची_आई
मंडळ आभारी आहे, जाऊन आलो!!

शनिवारी संध्याकाळी गेलो. बदकवाल्या थर्मामीटरवर ३० आलं. पूलवाल्या दादांकडे किट मागितलं तर ते इतके खूश झाले की स्वतःच नळ्या उन्हाकडे धरून समजावत बसले, म्हणाले ताई पहिल्यांदा कोणी विचारलं. नवरा आधी उतरला, गुडघे वाकवून गळ्यापर्यंत, मी पायरीवरून लेकीला हळूहळू दिलं. पाय भिजवले, मग पोट. रडेल म्हणून आम्ही सगळे श्वास धरून, आणि ही बया पाण्याकडे ढुंकून बघेना, बापाच्या गळ्यातली चेन ओली होऊन चमकत होती तीच ओढत बसली. मग चुकून हात पाण्यावर आपटला, शिंतोडे तोंडावर उडाले, दचकली, माझ्याकडे बघितलं, मी (डच_वारकरी, तुमची आठवण काढून) हसले, की झालं सुरू, दोन्ही हातांनी थपाथप. नवऱ्याच्या नाकातोंडात पाणी गेलं, तिच्या नाही.

दहा मिनिटांनी सासूबाई काठावरून "ओठ बघ गं, ओठ" म्हणाल्या. निळे नव्हते, पण काढलं बाहेर. त्या पंचा उघडून तयारच होत्या. वरून बाळाला म्हणतात कशा, "उद्या परत यायचं हं आपण."

आता नवीनच भानगड. वॉचमन म्हणतो स्विमिंग कॅप कंपल्सरी, बोर्डावर लिहिलंय "सर्वांनी". हिच्या मापाची कॅप मिळेना आणि मुळात हिला केसच नाहीत हो, परवाच जावळ झालंय. काय करू?

केतकी_रेडिंग
वा वा! रबराची सिलिकॉन कॅप अजिबात नको या वयाला, डोक्याला आवळते. लायक्राची कापडी मिळते, सैलसर. इथे बाळांना घालायला लावत नाहीत.

पूलकमिटी_सदस्य
कॅपचा नियम फिल्टरमध्ये केस अडकू नयेत म्हणून असतो. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, "एक वर्षाखालील बालकांना सूट मिळावी". मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही द्या, नाहीतर पुढच्या मीटिंगपर्यंत ढकलतात.

निनाद_ठाणे
सेक्रेटरींना टक्कल आहे का? असेल तर ते कॅप घालतात का विचारा आधी, केस जिंकलीत.

चिंगीची_आई
आहे. आणि घालतात. तीच तर पंचाईत आहे.